कर्क्युमिन: शब्द हळदीचा की केशराचा?

सई_मिरज | शनिवार, रात्री ९.४०

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सध्या एक निरोप फिरतोय. 'हळदीतल्या औषधी द्रव्याला शास्त्रज्ञ कर्क्युमिन म्हणतात. ते म्हणजे आपलं कुंकुम. इंग्रजांनी हळद नेली ती नेली, शब्दही नेला!' खाली झेंडे, हात जोडलेली चित्रं आणि 'दहा जणांना पाठवा'. सांगली-मिरजेत हळदीबद्दल काहीही लिहा, माणसं वाचतातच. त्यामुळे निरोप जोरात आहे.

चोरीचा भाग बाजूला ठेवला तर उरलेल्यातलं निम्मं खरं आहे असं मला वाटतं. पण ते निम्मं, निरोप लिहिणाऱ्याला वाटलं त्यापेक्षा बरंच गमतीदार आहे. म्हणून हा धागा.

शेवटापासून मागे जाऊ. कर्क्युमिन हे नाव १८१५ सालचं. फोगेल आणि पेलतिए या दोघांनी हळदीतला पिवळा रंग वेगळा काढला आणि झाडाच्या लॅटिन नावाला शेपूट जोडून त्याचं बारसं केलं. (हाच पेलतिए पुढे क्विनाइन वेगळं काढणाऱ्या जोडीतला एक.) झाडाचं नाव कुर्कुमा लाँगा, ते वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथातलं. लिनियसनेही 'कुर्कुमा' हा शब्द घडवला नाही. युरोपातल्या औषधविक्यांच्या लॅटिनमध्ये तो आधीपासून रुळलेला होता आणि तिथे तो अरबीतून आला होता. अरबीत 'कुर्कुम' म्हणजे हळद, आजही. इथवर काही वाद नाही.

अरबीच्या आसपासच्या भाषांत डोकावलं की मात्र हळद गायब होते. हिब्रूतलं 'कर्कोम' म्हणजे केशर. बायबलमधल्या गीतरत्नात सुगंधी झाडांच्या यादीत जटामांसीच्या शेजारी ते येतं. इस्लामपूर्व इराणच्या पहलवीत 'कुर्कुम' म्हणजे केशर. आर्मेनियनमध्ये तसलाच शब्द, अर्थ केशर. तिबेटीत 'गुरगुम', केशर. आणि संस्कृतात कुंकुम? तेही केशरच! हळदीला संस्कृतात हरिद्रा.

म्हणजे प्रयोगशाळेत हळदीच्या रंगाला जे नाव मिळालं ते मुळात केशराचं. आणि आपण मराठी माणसांनी काय केलं? केशराचंच नाव उचललं आणि हळदीपासून केलेल्या लाल पुडीला दिलं: कुंकू. दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, केशराचं नाव हळदीवर जाऊन बसलं. हे झालं कसं, आणि मुळात शब्द कुणाचा, यावर जाणकारांनी लिहावं. आजचा भाव काय फुटला ते कृपया दुसऱ्या धाग्यावर.

दंडोबा | रात्री १०.०५

ताई, उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. कुंकुम संस्कृत, बाकीच्यांनी घेतला, विषय संपला. हळद जगभर गेली भारतातून, मग शब्द दुसरीकडून कसा येईल? हरियाणात फरमाणा इथे हडप्पा काळातल्या मडक्यांत आणि माणसांच्या दातांत हळदीचे पिष्टकण सापडलेत. चार हजारांहून जास्त वर्षं झाली. अरबांची हळद तेव्हा कुठे होती?

कृष्णाकाठचा_कावळा | रात्री १०.०९

भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

भाषाभ्रमर | रात्री ११.३०

@दंडोबा, फरमाण्याचा पुरावा चांगला आहे. त्याला जोड म्हणून मेगिद्दो घ्या, आजच्या इस्राएलमधलं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातल्या माणसांच्या दातांवरच्या किटणात हळदीची प्रथिनं सापडल्याचा शोधनिबंध २०२० च्या अखेरीस आला. म्हणजे आपल्याकडची हळद तेव्हाच भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत पोचली होती. झाड आपल्याकडचं, यावर कुणी भांडत नाही. पण संस्कृत कुंकुम हे हळदीचं नावच नाही, हे सईताईंनी वर लिहिलंय. हळदीच्या पुराव्यावर केशराच्या शब्दाचा सातबारा काढता येत नाही.

मग केशराकडे बघू. केशराचं झाड वांझ आहे. त्याच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. कंद कुणीतरी उपटून दुसरीकडे लावला तरच ते पुढे सरकतं. त्याचा रानटी पूर्वज ग्रीसमधला, हे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनी नक्की केलंय. सँटोरिनी बेटावर अक्रोतिरीच्या भिंतींवर केशराची फुलं खुडणाऱ्या मुली रंगवलेल्या आहेत, साडेतीन हजार वर्षांहून जुन्या. म्हणजे केशर पश्चिमेकडून इराणमार्गे काश्मिरात आलं. हळदीचंही असंच आहे बरं का: तीही तीन संचांची, तीही वांझ, फक्त तिचा प्रवास उलट्या दिशेचा. दोन्ही झाडं माणसाच्या हाताशिवाय एक पाऊलही टाकू शकत नाहीत, आणि ज्याच्या हातात कंद त्याच्याच तोंडात त्याचं नाव.

आता ध्वनी. संस्कृताला 'र्क' काही जड नाही. तर्क, अर्क, कर्कश, शर्करा, सगळं बिनबोभाट चालतं. त्यामुळे बाहेरून 'कुर्कुम' आला असता तर त्याचं 'कुंकुम' का झालं, हा प्रश्न उरतो आणि तो दंडोबांच्या बाजूचा आहे. त्यांच्या बाजूची अजून एक गोष्ट मीच देतो. पश्चिम आशियातल्या जुन्या आरामाई भाषेला मधे 'र' घालायची खोड होती. आसनाला बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत कुस्सू, हिब्रूत किस्से, पण आरामाईत कुर्स्या. दुहेरी 'स' फोडून एकाचा 'र' केला. त्यातूनच अरबी कुर्सी, मग फारसी, मग आपली खुर्ची. तेव्हा 'कुंकुम'चं आधी 'कुक्कुम' आणि मग 'कुर्कुम' झालं, असं कागदावर मांडता येतं.

अडचण अशी की बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर 'कुर्कानू' नावाची एक औषधी वनस्पती आहे आणि तिच्यात 'र' आधीपासून बसलेला आहे. ती वनस्पती नेमकी कोणती यावर वाद आहेत, पण शब्द याच कुळातला धरतात. ग्रीक 'क्रोकस'ही बहुतेक तिकडूनच उसना घेतलेला. झाडाची दिशा आणि शब्दाचं वय दोन्ही एकत्र ठेवलं तर अभ्यासकांचा कल पश्चिम आशियाकडे जातो. एकमत नाही. पण 'संस्कृतात आहे म्हणून संस्कृतातूनच गेला' हा काही पुरावा नव्हे.

दंडोबा | रात्री ११.४४

खुर्ची बॅबिलोनची? आता उद्या म्हणाल मिरजेची सतारही बाहेरची.

भाषाभ्रमर | रात्री ११.५२

नाव फारसीच आहे, 'सेतार', तीन तारांचं. वाद्य मिरजेत घडतं ते मिरजेचं. हळदीचंही हेच म्हणतोय मी.

कृष्णाकाठचा_कावळा | रात्री ११.५५

भडंग संपलं. दुसरा पुडा फोडतो.

पेवकरी | रविवार, सकाळी ६.२०

आमचं घर हरिपूरचं, पेवं वडलांच्या वेळंपासनं. रात्री धागा वाचला. भाषेतलं मला काय कळत न्हाई, पण सईताईंचा प्रश्न सौद्यात उभं राहिलं की सुटतोय.

मार्केट यार्डात ढिगातनं हळकुंड उचलायचं, कटकन मोडायचं आणि आतला रंग बघायचा. वास, वजन, जाडी, सगळं त्याच्या मागनं. केशरी छटा असली की बोली चढती, फिक्कट असली की खरेदीदार पुढच्या ढिगाकडं चालाय लागतोय. राजापुरीचा आमच्याकडं एवढा मान कशापायी? रंगापायी. कवापासनं माणूस रंगच इकत घेतोय, त्याला तुमी हळद म्हणा, केशर म्हणा.

आणि पेव पण त्याच्यासाठीच. हरिपूरच्या मातीत नदीकाठाला खोल खड्डा, तोंड अरुंद, आत मडक्यागत फुगीर. हळद भरून तोंड लिंपलं की आत हवा न्हाई, कीड न्हाई, रंग तसाच ऱ्हातोय. उघडलं म्हणून कुणी लगीच आत उतरत न्हाई. झाकण काढून ठेवायचं, मग कंदील सोडायचा, विझला तर माणूस जाणार न्हाई. २००५ च्या पुरात लई पेवं खचली. आता निम्मा माल शीतगृहात जातोय. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तवा समदी पेवांचं फोटो काढाय आली होती.

सई_मिरज | सकाळी ८.१५

पेवकरीकाका, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. मी रात्रभर कोश चाळत होते आणि तुम्ही हळकुंड मोडून दाखवलंत.

हाच धागा धरून सांगते. मध्ययुगातल्या युरोपीय प्रवाशांना हळद दिसली की ते काय म्हणायचे बघा. मार्को पोलोला चीनमध्ये एक जिन्नस दिसला. तो लिहितो की ते केशर नव्हे, पण केशराचे सगळे गुण त्यात आहेत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक गोव्यात १५६३ ला छापलं गेलं. त्यात हळद येते ती 'इकडचं केशर' म्हणून. ब्राझीलमध्ये आजही बाजारात हळदीला त्याच अर्थाचं पोर्तुगीज नाव आहे, 'जमिनीतलं केशर' म्हणा हवं तर. युरोपच्या डोळ्यात हळद म्हणजे गरिबाचं केशर.

अरबीतही तेच घडलेलं दिसतं. केशराला 'झाफरान' हा शब्द रुळला आणि 'कुर्कुम' मोकळा झाला. जुन्या अरबी वैद्यकात कुर्कुम कधी हे, कधी ते. शेवटी स्वस्त पिवळ्याने तो कायमचा घेतला. झाड बदललं, रंग तोच राहिला, आणि नाव रंगाच्या मागे गेलं.

वाईकर_मास्तर | सकाळी ९.५०

सईबाई, विषय उत्तम. दंडोबांचा राग संस्कृताच्या प्रेमातून आलाय, तेव्हा थोडं संस्कृतच बोलू.

अमरकोशात कुंकुमाची नावं देताना पहिलंच येतं काश्मीरजन्म, आणि पुढे बाह्लीक. बाह्लीक म्हणजे बल्ख, आजच्या अफगाणिस्तानातलं. आपल्या पूर्वजांनी वस्तूच्या नावातच ती कुठून येते ते लिहून ठेवलंय आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूची सेना दिग्विजयाला वायव्येकडे पोचते तेव्हा घोडे नदीकाठी लोळतात आणि अंगाला चिकटलेले कुंकुमाचे केसर झटकतात. कालिदासाला कुंकुमाची शेतं दाखवायची तर घोडे इतक्या लांब न्यावे लागले. ती हळद असती तर विदर्भातच भागलं असतं.

हळदीची नावं त्याच कोशात निराळी: हरिद्रा, कांचनी, पीता, वरवर्णिनी, शिवाय रात्रीचे सगळे पर्याय. निशा म्हणजे हळद. वैद्यकाच्या पोथ्यांत 'निशाद्वय' आलं की विद्यार्थी गोंधळतात. त्याचा अर्थ हळद आणि दारुहळद.

आणि 'हळद' या शब्दाची ऐट बघा. 'हरिद्रा'तल्या 'र'चा प्राकृतात 'ल' होतो, हलिद्दा. असे 'र'चा 'ल' होणारे शब्द पुष्कळ आहेत. हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात त्यांचा गण केला आणि त्या गणाला नाव दिलं 'हरिद्रादि'. म्हणजे नियमाला नाव हळदीचं. मराठीत त्या 'ल'चा पुढे 'ळ' झाला. ही व्युत्पत्ती पूर्णपणे आपली आहे, बाराशे मैल कुणाच्या दारात जायला नको. पण निरोपात ती कुणी लिहीत नाही, कारण तिच्यात इंग्रज नाही.

दंडोबा | सकाळी १०.२०

मास्तर, हे मान्य. बल्खचं मला माहीत नव्हतं. पण एक सांगा, कुंकुम म्हणजे केशर तर मग कपाळाला लावतो ते कुंकू हळदीचं का? काश्मीरहून केशर आणायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

माहेरवाशीण | सकाळी १०.४५

किमतीने अडवलं, दुसरं काय! केशराचा मळवट भरायला सांगलीचे संस्थानिक लागतील.

बाय द वे, घरोघरी 'कुंकू' म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं स्टार्च आणि रंग. आमच्या आत्या अजून घरी करतात. चांगली हळकुंडं, लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी. हळकुंडांचे तुकडे त्यात मुरत ठेवायचे, रस पूर्ण शोषला की सावलीत वाळवायचे, मग कुटून वस्त्रगाळ करायचं. शेवटी थोडं तीळतेल. आत्या पिंजरीला हातसुद्धा लावत नाहीत. 'ती पिंजर, हे कुंकू', त्यांच्या लेखी दोन वेगळ्या जाती. करमाळ्याकडचं केम गाव तर कुंकवासाठीच प्रसिद्ध आहे.

रसायनी | सकाळी ११.३०

माहेरवाशीण, तुमच्या आत्यांनी रसायनशास्त्राचा एक जुना प्रयोग घरात ठेवलाय. जरा विस्ताराने लिहितो, कारण या धाग्यातला सर्वात सुंदर भाग इथे आहे.

हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे सगळ्यांना माहीत आहे. कर्क्युमिन आम्लात पिवळं, अल्कलीत लाल. चुना लावला तरी लाल. पण तो लाल टिकाऊ नाही, वर लिंबू पिळा, परत पिवळा. मग आत्यांच्या कृतीत लिंबू असूनही कुंकू लालच कसं राहतं?

उत्तर टाकणखारात आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. आम्लाच्या संगतीत त्यातला बोरॉन कर्क्युमिनच्या रेणूंना धरतो आणि लाल रंगाचं एक संयुग तयार होतं, रोझोसायनिन. हा लाल लिंबाला दाद देत नाही. प्रयोगशाळेत बोरेट ओळखायची जुनी चाचणी हीच आहे: हळदीचा कागद आम्ल घातलेल्या बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून वाळवा, तांबूस-तपकिरी होतो, त्यावर अमोनियाचा थेंब टाका, हिरवट-काळा पडतो. आमच्या महाविद्यालयात हे करताना मुलं अमोनियाचा वास आला की पळतात, पण रंग बघायला परत येतात.

कर्क्युमिनच्या रेणूची रचना १९१० साली कळली. मिवोबेंड्झका, कोस्तानेत्स्की आणि लांपे या तिघांचं काम. केम गावच्या लोकांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

दंडोबा, तुमचा प्रश्न आता मजेदार होतो. केशर वाटून लावलं तर कपाळावर तांबूस-पिवळा टिळा उठतो. पिवळ्या हळदीला त्या तांबड्याच्या जवळ नेणारी युक्ती सापडली, तेव्हा नावही तिकडे गेलं. अरबांनी हळदीला केशराचं नाव दिलं ते पिवळ्यासाठी, आपण दिलं ते लालसाठी.

भाषाभ्रमर | दुपारी १२.१०

वा! वाचनखूण साठवली. आपल्याकडे नाव बदललं नाही, माल बदलला. अरबीत माल तोच राहिला असं म्हणता येत नाही, तिथे नाव सरकलं. दोन वेगळ्या घटना आहेत, त्या एक धरायला नकोत.

शंकेखोर_सातारकर | दुपारी १.००

प्रश्न विचारतोय, राग मानू नये. हे सगळं कळून करायचं काय? शब्द अक्कादी निघाला म्हणून हळदीचा दर क्विंटलमागे वाढणार आहे का?

पेवकरी | दुपारी १.१५

न्हाई वाढणार. पण दर वाढल्यावर तरी तुमी सातारकर कुठं हळद लावताय? समदा ऊस.

शंकेखोर_सातारकर | दुपारी १.१८

वाईची हळद विसरलात वाटतं काका!

संपादक | दुपारी १.३०

सातारा-सांगली सामना इथे नको. ऊस, दर आणि निवडणूक यांसाठी धागे आहेत.

दंडोबा | दुपारी २.४०

बरं, मी निरोपाची बाजू थोडी तरी घेणार. नेण्याचा प्रकार अगदीच खोटा नाही. अमेरिकेत हळदीचं पेटंट घेतलं होतं ना? ते कुणी घेतलं, ग्रीकांनी?

रसायनी | दुपारी ३.०५

घेतलं होतं. जखम भरण्यासाठी हळद, असा दावा. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ते मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, माशेलकर महासंचालक असताना, हरकत घेतली. हे ज्ञान जुनं आहे असं दाखवणारे छापील संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. तिथे 'आमची आजी लावायची' एवढ्याने भागलं नसतं, कागद लागले. नावाच्या बाबतीतही भाषाभ्रमर तेच मागतायत. फक्त शब्दाला पेटंट नसतं, म्हणून इथे कुणी हरत नाही.

दंडोबा | दुपारी ३.२०

कुणी हरत नाही म्हणताय, पण माझा ग्रुप मला सोडणार नाही. काल छातीठोकपणे लिहून बसलोय.

माहेरवाशीण | दुपारी ३.२६

भाऊ, एका हळकुंडाने पिवळं व्हायची ही शिक्षा! 😀

कृष्णाकाठचा_कावळा | दुपारी ३.३०

हल्ली ग्रुपवर व्युत्पत्तींचं पेवच फुटलंय. पेवकरीकाका, कंदील सोडून बघा, विझतो का.

पेवकरी | संध्याकाळी ५.५०

कंदील मघाशीच विझला. कुणी उतरू नका.

एक विचारायचं ऱ्हायलं. झाडाच्या नावात 'लाँगा' आलं ते का? आमच्याकडं निर्यातीच्या कागदावर दोनच रकाने: फिंगर आणि बल्ब. फिंगर म्हणजे हळकुंड, लांबडं. बल्ब म्हणजे गड्डा, गोल. लांबडं त्यातलंच का?

सई_मिरज | संध्याकाळी ६.३०

काका, अगदी तेच. 'लाँगा' म्हणजे लांब. युरोपातल्या जुन्या औषधबाजारात हळद दोन नावांनी विकली जायची, कुर्कुमा लाँगा आणि कुर्कुमा रोटुंडा. लांब आणि गोल. घेणाऱ्यांना वाटायचं दोन वेगळी झाडं आहेत. प्रत्यक्षात एकाच झाडाचं हळकुंड आणि गड्डा. शेतातून उपटलेला अख्खा कंद बघितलेला कुणीही हे सांगू शकला असता, पण त्यांच्यापर्यंत पोचायची ती मोडलेली, शिजवलेली, वाळलेली हळद. शास्त्रीय नावात 'लाँगा' राहिलं. जगातली सगळी हळद, तुमचे गड्डेसुद्धा, कागदावर 'लांब'च आहे.

पेवकरी | संध्याकाळी ६.३८

म्हंजी गड्ड्याला नाव हळकुंडाचं, हळदीला नाव केशराचं. बरं चाललंय.

भाषाभ्रमर | रात्री ८.१०

दंडोबांना रिकाम्या हाताने ग्रुपवर पाठवायला नको. त्यांच्यासाठी एक खरा शब्द देतो, रसायनींच्या प्रतिसादातूनच निघालेला.

टाकणखार हा संस्कृत टंकण. कच्चा बोरॅक्स तिबेटातल्या सरोवरांच्या काठी मिळायचा आणि हिमालय उतरून भारतात यायचा. इथून पुढे जहाजाने जगात. त्या कच्च्या मालाचं इंग्रजी नाव आहे 'टिंकल'. शब्दकोश त्याचा माग मलय 'तिंगकल'पर्यंत आणि तिथून संस्कृत 'टंकण'पर्यंत नेतात. इथे मालही या वाटेने गेला आणि नावही त्याच वाटेने गेलं. सोनार धातू जोडायला तोच वापरत आलेत. खनिजशास्त्रात 'टिंकल' आजही चालतं.

'बोरॅक्स' हे दुसरं नाव मात्र फारसी 'बूरह', अरबी 'बूरक' आणि मध्ययुगीन लॅटिन या रस्त्याने आलंय. त्यातून डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मूलद्रव्याचं नाव काढलं, बोरॉन. एकाच क्षाराची दोन नावं, एक आपल्या दारातून गेलेलं आणि एक इराणच्या. आत्यांच्या कुंकवात दोन्ही मुरलेली.

वाईकर_मास्तर | रात्री ८.३५

टाकणखाराचा उत्तम प्रकार तो सवागी. जुन्या याद्यांत 'सवागी टाकणखार' असं लिहिलेलं सापडेल. तान्ह्या मुलाच्या तोंडात पुळ्या आल्या की मधातून लावायचे लोक. आता कुणी लावू नये, बोरॅक्स पोटात जाणं तान्ह्याला धोक्याचं.

रसायनी | रात्री ८.४१

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. कुंकवात ठीक, पोटात नको.

दंडोबा | रात्री ९.२५

टिंकलचं ग्रुपवर टाकलं. मास्तरांच्या बल्खसकट टाकलं, म्हणजे कुणी म्हणायला नको की सोयीचं तेवढं घेतलं. एका काकूंनी विचारलंय, 'कुंकू घरी करून बघते, सवागी सांगलीत कुठे मिळेल?' बाकी कुणी वाचलेलं दिसत नाही.

पेवकरी | रात्री ९.३१

गणपती पेठेत, काष्ठौषधीच्या दुकानात. खडा घ्यायचा, पूड न्हाई. पुडीत काय मिसळलंय ते कळत न्हाई. आणि हळकुंडं घ्यायच्या आधी एक मोडून बघाय सांगा.